बांधकामातला कार्बन: आधी पोत्यात बघा, मग डिझेलमध्ये

प्रश्न: दापोली तालुक्यात समुद्राच्या अगदी जवळ, तळमजला अधिक एक, असे साधारण सहा हजार चौरस फुटांचे पर्यटक निवास बांधायला घेतले आहे. भागीदारांची अट अशी की बांधकामाच्या काळातले कार्बन उत्सर्जन कमी झाले पाहिजे आणि ते आकड्यांत दाखवताही आले पाहिजे. जनरेटरच्या जागी सोलर, शक्य तिथे बॅटरीवरची यंत्रे आणि शेवटी झाडे लावायची, असा आमचा विचार आहे. कोकणात आणखी काय करता येईल?

उत्तर:

तुमच्या यादीतली एकही गोष्ट वाईट नाही, पण तिन्ही केल्या तरी आकडा फारसा हलणार नाही. का, ते हिशेबानेच बघू.

आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, कामाचा ढोबळ ठोकताळा तुमच्या ठेकेदाराला पाठ असेलच: चौरस फुटाला सिमेंट ०.४ पोते आणि सळई चार किलो. सहा हजार फुटांना २,४०० पोती, म्हणजे १२० टन सिमेंट, आणि २४ टन सळई. ओपीसी, म्हणजे काहीही न मिसळलेले साधे पोर्टलँड सिमेंट, घेतले तर टनामागे सुमारे ०.८५ टन कार्बन डायऑक्साइड धरतात. हे झाले १०० टन. झोतभट्टीतून (खनिज वितळवणाऱ्या भट्टीतून) आलेल्या पोलादाला टनामागे दोन ते अडीच टन, म्हणजे आणखी ५०-६० टन. आता डिझेल. एक लिटर जळले की २.६८ किलो. जनरेटर, मिक्सर, जेसीबी सगळे धरून साइटवर दोन हजार लिटर जळाले असे समजा, तरी साडेपाच टनांच्या पुढे जात नाही. सोलर लावून त्यातले दोन-तीन टन वाचतील. बाकीचे दीडशे टन ट्रकमधून उतरून तुमच्या गोडाऊनमध्ये गेलेले असतील आणि त्यांच्याकडे कोणी बघितलेलेही नसेल.

सिमेंटचा आकडा एवढा मोठा का, हे एकदा समजून घ्या, कारण त्यावरच पुढचे सगळे उभे आहे. सिमेंटचा जीव क्लिंकरमध्ये, आणि क्लिंकर होतो चुनखडी भाजून. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू कोळशाचा नाही, दगडातलाच आहे. उद्या भट्टी सौरऊर्जेवर तापवली तरी तो निघणारच. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनात निम्म्याहून जास्त वाटा याचाच. त्यामुळे सिमेंटचा कार्बन कमी करायचा तर दोनच वाटा: पोत्यात क्लिंकर कमी असलेले सिमेंट घ्यायचे, आणि एकूण पोती कमी लावायची.

पहिल्या वाटेसाठी कोकण किनाऱ्यासारखी सोयीची जागा नाही. पेणजवळ डोलवीला धरमतर खाडीच्या काठी पोलादाचा मोठा कारखाना आहे. तिथल्या झोतभट्टीतून निघणारी मळी, म्हणजे स्लॅग, दळून त्याचे सिमेंट तिथेच तयार होते. दापोलीपासून हे अंतर दीड-पावणेदोनशे किलोमीटर. चंद्रपूरकडून येणारे पोते त्याच्या कितीतरी पट प्रवास करून, घाट उतरून तुमच्यापर्यंत पोहोचते. पोर्टलँड स्लॅग सिमेंटला आयएस ४५५ हे भारतीय मानक आहे आणि त्यात स्लॅग २५ ते ७० टक्क्यांपर्यंत चालते. दुकानदाराला नुसते ‘स्लॅगवाले द्या’ सांगू नका. चाचणी प्रमाणपत्र मागा आणि टक्केवारी वाचा. ३० टक्के आणि ६० टक्के स्लॅगच्या पोत्यांचा रंग आणि भाव सारखाच दिसेल, पण कार्बनमध्ये मोठा फरक असेल. निम्म्याहून जास्त स्लॅग असेल तर टनामागचा आकडा ओपीसीच्या निम्म्यावर येतो. फ्लाय ॲशचे, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली राख मिसळलेले, पीपीसी सिमेंटही चांगलेच, पण त्यात राखेची मर्यादा ३५ टक्के आहे.

आता कोणी म्हणेल की ही मळी तर पोलादाच्या धंद्यातली, तिचा कार्बन त्या खात्यात गेला म्हणून आपला कमी दिसतो. बरोबर आहे, आणि देशात मळीही अमर्याद नाही. म्हणूनच भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेला चुनखडक मिसळून केलेले सिमेंट पुढे येते आहे. त्याला २०२३ साली आयएस १८१८९ हे भारतीय मानकही मिळाले. तुमच्या भागात मिळाले तर जरूर घ्या, पण त्याची वाट बघत काम थांबवू नका.

स्लॅग सिमेंटचा आग्रह मी कार्बनपेक्षाही दुसऱ्या कारणासाठी धरतो, ते म्हणजे खारी हवा. किनाऱ्यावरची वीस-पंचवीस वर्षांची कोणतीही इमारत घ्या आणि तिच्या पश्चिमेकडच्या छज्ज्याखाली उभे राहून वर बघा. छज्ज्याच्या कडेला आधी केसासारखी एक भेग दिसते, सळईच्या रेषेत सरळ. मग त्या भेगेतून तांबूस ओघळ. पुढच्या टप्प्यात खालचे काँक्रीट खपलीसारखे सुटलेले असते आणि आतली सळई पापुद्रे निघून बोटाने चुरता येईल अशी झालेली. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो काँक्रीटला आतून फोडतो. मिठातला क्लोराइड काँक्रीटच्या छिद्रांतून सळईपर्यंत पोहोचला की हे सुरू होते. स्लॅग असलेले काँक्रीट आतून जास्त घट्ट होते आणि क्लोराइडला धरूनही ठेवते, म्हणून ही वाट बरीच लांबते. काँक्रीट कामाच्या आयएस ४५६ या मानकातही समुद्राच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या कामाला स्लॅग किंवा पोझोलाना (राखेसारखी पूड मिसळलेले) सिमेंट फायद्याचे म्हटले आहे.

साठ वर्षे टिकायची इमारत तिशीत पाडावी लागली तर आज वाचवलेला सगळा कार्बन व्याजासकट परत द्यावा लागतो. म्हणून किनाऱ्यावर सिमेंट वाचवायच्या नादात काँक्रीटची ग्रेड, म्हणजे एम ३०, एम ३५ असा ताकदीचा दर्जा, खाली आणू नका. किनारपट्टीच्या हवेला आयएस ४५६ ‘तीव्र’ परिस्थिती मानते: निदान एम ३०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पर्यंत, घनमीटरला निदान ३२० किलो सिमेंट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. लाटांचे तुषार थेट पोहोचत असतील तर एम ३५, ३४० किलो आणि ५० मिलिमीटर. हे आकडे नकाशावर असतात, साइटवर मात्र सळईखाली खडीचा तुकडा किंवा चिऱ्याची कपरी सरकवलेली असते. व्हायब्रेटर लागला, माणूस सळईवर चालला, की ती सरकते आणि सळई थेट साच्याच्या प्लायवर बसते. कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईखाली ठेवायचे ठोकळे, त्याच ग्रेडच्या काँक्रीटचे आधीच पाडून, नीट पाणी मारून ठेवा. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी वाकून स्वतः बघा. साऱ्या बांधकामात याहून स्वस्त काम सापडणार नाही.

पोती कमी लावायची दुसरी वाट पाण्यातून जाते. माल घट्ट वाटला की मिक्सरवाला बादली ओततो, पसरायला सोपा जातो म्हणून. पाणी वाढले की ताकद उतरते, आणि ती उतरणार हे सगळ्यांनाच ठाऊक असल्याने आधीच दोन पोती जास्त घातलेली असतात. हिशेब बघा. घनमीटरला १८० लिटर पाणी लागत असेल तर ०.४५ च्या प्रमाणात सिमेंट ४०० किलो. चांगले सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यातही माल पातळ ठेवणारे रसायन) वापरून तेच काम १६० लिटरमध्ये झाले तर सिमेंट ३५५ किलो. घनमीटरमागे जवळजवळ एक पोते वाचले, आणि काँक्रीट उलट जास्त टिकाऊ झाले. यासाठी मिक्स डिझाइन, म्हणजे मालाचे प्रमाण, प्रयोगशाळेतून, तुमच्याच खडी-वाळूवर करून घ्यावे लागते. फर्म्याने (मापाच्या पेटीने) मोजण्याऐवजी वजनाने मोजावे लागते, कारण ओली वाळू फुगते आणि फर्म्यात कमी भरते. ‘एकास दीडास तीन’ (सिमेंट, वाळू, खडी) ही सवय सुटायला गवंड्यांना एखादा स्लॅब जातो, मग तेच सांगायला लागतात की माल चांगला येतोय. जवळपास रेडीमिक्सचा प्लँट असेल तर हा सगळाच प्रश्न सोपा होतो.

वाळूबद्दल एकच सांगतो. खाडीची रेती धुतल्याशिवाय वापरू नका, आणि शक्यतो वापरूच नका. तिच्याबरोबर मीठ आत येते आणि वरचे सगळे कव्हर-बिव्हर वाया जाते. धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घ्या.

यानंतर कॅलेंडर. आपल्याकडे काम दसऱ्यानंतर धरते आणि मे अखेरीस पाऊस दिसायला लागला की सगळ्यांची धांदल उडते. एप्रिल-मेमध्ये घाईघाईने टाकलेल्या स्लॅबला पाणी मारायला विहिरीत पाणी नसते. किनाऱ्यालगतच्या विहिरी तोपर्यंत मचूळ झालेल्या असतात आणि टँकर डिझेल जाळत येतो. खारे पाणी मिसळायलाही नको आणि क्युअरिंगलाही (वरून मारायलाही) नको. स्लॅग किंवा राख मिसळलेल्या सिमेंटला क्युअरिंग जास्त लागते, चौदा दिवस धरा. स्लॅग सिमेंट घेऊन सातव्या दिवशी पाणी बंद केले तर फायद्याचे नुकसान होते. म्हणून मोठे स्लॅब नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतील असे काम बसवा आणि मे महिना दर्जा (चिऱ्यांमधल्या फटी) भरणे, गिलावा, दारे-खिडक्यांना ठेवा. पावसाळ्यासाठी सिमेंटचा साठा करून ठेवू नका. तीन महिने पडून राहिलेल्या पोत्याची ताकद पाचव्या हिश्शाने उतरते असे साधारण मानतात, आणि आपल्या दमट हवेत त्याला तीन महिनेही लागत नाहीत. खडे झालेले पोते म्हणजे फुकट सोडलेला कार्बन. चार महिने उघड्या राहणाऱ्या कॉलमच्या सळयांना सिमेंटची गुळणी (पातळ काला) लावून प्लॅस्टिक बांधा.

आता सर्वात मोठी बचत, जी नकाशा अंतिम व्हायच्या आधीच करता येते: वरचा स्लॅब टाकूच नका. दापोलीपासून मालवणपर्यंत कुठेही गच्चीकडे नजर टाका. सपाट स्लॅब, आणि त्याच्यावर लोखंडी पाइपांवर पत्र्याची शेड. पहिल्या दोन पावसाळ्यांत स्लॅब गळतो, मग शेड येते. एका घराला दोन छपरे. तुमच्या इमारतीला वरच्या स्लॅबचे आणि त्याच्या बीमचे मिळून ४५ घनमीटर काँक्रीट लागेल. त्यातले सिमेंट आणि चारेक टन सळई मिळून वीसेक टन कार्बन. म्हणजे साइटवरच्या साऱ्या डिझेलच्या तिप्पट-चौपट. छप्पर पहिल्यापासून उतरते करा, लोखंडी किंवा लाकडी कैच्यांवर (त्रिकोणी सांगाड्यांवर) कौले आणि खाली सीलिंग. पर्यटकही कौलारू घराचेच फोटो काढतात, स्लॅबचे काढलेले मी पाहिलेले नाहीत.

लोकांनी कौले का सोडली, त्याची कारणे मात्र खरी आहेत. एक माकडे. टोळी छपरावरून गेली की दहा-वीस कौले फुटतात आणि शाकारायला माणूस मिळत नाही. दुसरे वारा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात छपरेच्या छपरे उडाली. त्यामुळे कैच्या भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने जखडा, कडेच्या आणि कण्याच्या ओळींतली कौले तारेने किंवा स्क्रूने बांधा, पागोळीकडचा भाग उगाच लांब सोडू नका. माकडांचा फारच उपद्रव असेल तर खाली जाड पत्रा आणि वर कौले, असेही करतात. तेवढे करूनही स्लॅबपेक्षा कार्बन कमीच.

भिंतींसाठी जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा दगड; त्याचा कापलेला ठोकळा म्हणजे चिरा. चिरा भट्टीत भाजावा लागत नाही. सड्यावर (कातळाच्या पठारावर) यंत्राने कापला, ट्रकमध्ये घातला, आणला. जो काही कार्बन आहे तो कापायच्या आणि वाहतुकीच्या डिझेलचा. पण आपल्याकडे एक विचित्र प्रकार चालतो: कॉलम-बीमचा पुरा सांगाडा उभारायचा आणि मग त्यात जांभा भरायचा. जांभा जड, घनमीटरला दोन टनांच्या आसपास, त्यामुळे सांगाड्याला त्याचे ओझे वाहायला आणखी सळई लागते. हवेची छिद्रे असलेले हलके एएसी ब्लॉक याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे असतात. तेव्हा सांगाडाच करायचा असेल तर तिथे जांभ्याचा हट्ट धरू नका, आणि जांभाच हवा असेल तर त्यालाच भार उचलू द्या. तळमजला अधिक एक हे भारवाहक जांभ्याच्या आवाक्यातले काम आहे. कॉलम आणि बीमचे बरेचसे काँक्रीट त्यात गळून जाते. मात्र १९६७ चा कोयनेचा भूकंप विसरू नका: जोते, लिंटेल (दारे-खिडक्यांच्या वर) आणि छप्पर या तिन्ही पातळ्यांवर आरसीसी पट्टे आणि कोपऱ्यांत उभ्या सळया, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्याच. तुमची जागा पुळणीवर असेल, खाली वाळू आणि पाणी वर, तर जांभ्याच्या भिंतींचा पाया रुंद करावा लागेल आणि सगळे गणित पुन्हा मांडावे लागेल. जागा कातळावर असेल तर प्रश्नच नाही.

चांगला चिरा निवडून घेतला तर बाहेरून गिलावा नको, नुसत्या दर्जा भरल्या की झाले. किनाऱ्यावरचा बाहेरचा गिलावा दर दोन-तीन पावसाळ्यांनी काळा पडतो आणि रंग मागतो, तो खर्चही जातो. चिरा परवानगी असलेल्या खाणीतूनच घ्या. सडे म्हणजे पडीक जमीन नाही. तिथे पावसाळी फुलांचे पठार आहे, पाणी मुरायची जागा आहे, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत, जी २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कार्बन वाचवायला निघून कातळशिल्पावर करवत फिरवली, तर भागीदारांना कोणता आकडा दाखवणार?

जागा उताराची असेल तर जेसीबी बोलवायच्या आधी थांबा. डोंगर कापून सपाट करायचा, मग कापलेल्या बाजूला उंच आरसीसी रिटेनिंग भिंत बांधायची, ही पद्धत काँक्रीट खाते, आणि पावसात ती भिंत फुगली की आणखी खाते. जोत्याला पायऱ्या पाडून इमारत उतारावर बसवा. अर्ध्या मजल्याचा फरक पर्यटक निवासात उलट छान दिसतो. छोट्या चढउताराला जांभ्याचा गडगा (बुटकी दगडी भिंत) पुरतो.

सळईत दोन गोष्टी. पहिली, कुठून येते ते विचारा. महाराष्ट्रात बरीचशी टीएमटी सळई जालन्याहून येते. तिथे विजेच्या इंडक्शन भट्ट्यांत भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजातून थेट केलेले कच्चे लोखंड) वितळवतात. भंगाराचा वाटा जास्त असेल तर कार्बन बराच उतरतो, कोळशावरच्या स्पंज आयर्नचा वाटा वाढला की फायदा नाहीसा होतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली: टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच हरित, आणि १.६ पेक्षा कमी असेल तर पाच तारे. पुरवठादाराकडे असा दाखला असेल तर मागून घ्या. दुसरी गोष्ट, कापायची यादी आधी करा. बारा मीटरच्या सळईतून कुठला तुकडा कुठे जाणार हे कागदावर ठरले की वाया जाणारे तुकडे निम्म्यावर येतात. फिटर मनानेच कापायला लागला की कोपऱ्यात अर्ध्या-पाऊण मीटरच्या तुकड्यांचा ढीग लागतो आणि तो भंगारवाल्याकडे जातो.

डिझेलचे थोडक्यात. महावितरणची तात्पुरती जोडणी काम सुरू व्हायच्या आधीच घ्या. ग्रीडच्या युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन पडतो, तर अर्ध्या भारावर घरघरणारा छोटा जनरेटर युनिटमागे किलोभरही सोडतो. रात्रीच्या दिव्यांना आणि क्युअरिंगच्या पंपाला सोलर लावा, त्याला कोणाची ना नाही. बॅटरीवरचे जेसीबी वगैरे सध्या सोडून द्या. झाडे लावा, कोकम, आंबा, सुरंगी काहीही, पण ती या हिशेबात धरू नका. रोपाला तो कार्बन शोषायला वर्षानुवर्षे लागतात आणि तुमचा मात्र पहिल्याच वर्षी हवेत गेलेला असतो.

भागीदारांना दाखवायचा आकडा एका वहीत मावतो. सिमेंटची पोती प्रकारानुसार, सळईच्या वजनकाट्याच्या पावत्या, डिझेलचे लिटर, वीजबिलाची युनिटे, चिऱ्याच्या आणि खडीच्या खेपा अंतरासकट, आणि साइटवरून बाहेर गेलेला कचरा. प्रत्येकाला वर दिलेले गुणक, म्हणजे टनामागचा, लिटरमागचा किंवा युनिटमागचा कार्बन, लावा; खेपांना त्यांच्या डिझेलचा. तुलनेसाठी नेहमीच्या पद्धतीचा, म्हणजे ओपीसी, सपाट स्लॅब आणि पुरा सांगाडा असलेला आराखडाही त्याच गुणकांनी मोजा. नोंद पहिल्या खड्ड्यापासून ठेवा, शेवटी पावत्या गोळा करायला बसलात तर निम्म्या सापडणार नाहीत.

राहिला व्यवहार. स्लॅबचा साचा उभारणाऱ्या सेंट्रिंगवाल्याचा दर चौरस फुटावर ठरतो आणि त्याची कमाई साच्याच्या प्लेटा किती लवकर सुटतात यावर असते. आयएस ४५६ मधले टेकू काढायचे दिवस, म्हणजे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला सात आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमला चौदा, हे ओपीसीसाठी आहेत. स्लॅग सिमेंट सुरुवातीला सावकाश ताकद धरते, त्याला याहून जास्त दिवस द्यावे लागतात. सेंट्रिंगवाल्याच्या प्लेटा अडकल्या की पहिल्याच स्लॅबला तो सांगेल, ‘साहेब, हे सिमेंट बसत नाही, साधंच मागवा,’ आणि मुकादमही मान डोलावेल. म्हणून टेकू क्यूबचा, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्याच्या ताकद चाचणीचा, निकाल बघूनच काढायचे, जास्तीच्या दिवसांचे भाडे दरात धरायचे, हे करारातच लिहून घ्या. स्लॅग सिमेंटचे पोते सहसा ओपीसीपेक्षा महाग नसते, बहुतेक वेळा स्वस्तच पडते. त्या फरकातून हे भाडे बऱ्यापैकी भागते.